काळे पडलेले जॉइंट आणि ॲसिडची बाटली

विचारलेलं थोडक्यात असं: डोंबिवलीत १२ वर्षं जुना फ्लॅट. ओट्यामागच्या टाइल्सचे जॉइंट तेलकट, तपकिरी झालेत. बाथरूमच्या फरशीचे काळे पडलेत. हॉलमध्ये पांढऱ्या टाइल्सच्या मधल्या रेघा राखाडी दिसतात. गेल्या दिवाळीला दारावर येणाऱ्या फिनाइलवाल्याकडून ॲसिड घेऊन बाथरूम घासलं. पंधरा दिवस लख्ख, मग पूर्वीपेक्षा काळं. खायचा सोडा आणि व्हिनेगरही करून झालं. आता सगळं उखडून नव्या टाइल्स लावायच्या का?

ताई, उखडायचं मनातून काढून टाका. तुम्ही लिहिलंय त्यावरून टाइल्सना काही झालेलं नाही. बिघडलेत ते जॉइंट, आणि बाथरूमचे तर ॲसिडनेच बिघडवलेत. तुम्हाला दोष देत नाही. मी २६ वर्षं कल्याण ते बदलापूर पट्ट्यात टाइल्स बसवतोय आणि त्यातली पहिली आठ-दहा वर्षं मीही हेच करायचो. काम संपल्यावर टाइल्सवर सिमेंटचा पांढुरका थर राहतो. ताबा द्यायच्या आदल्या दिवशी बादलीत ॲसिड ओतायचं, खराटा फिरवायचा, फेस उठला की पार्टी खूश. एका घरी महिन्याभरात बाथरूमच्या दाराच्या स्टीलच्या बिजागऱ्या गंजल्या. ॲसिडची वाफ स्टीललाही सोडत नाही. वर्षभराने त्या घरमालकाने मला बोलावलं आणि काही न बोलता जॉइंटवरून नख फिरवलं. वाळू पडली. माझाच माल, मीच भरलेला, मीच जाळलेला.

तो फेस घाणीचा नसतो. जॉइंटमध्ये पांढरं सिमेंट असो की पाकिटातलं साधं ग्राउट, म्हणजे फट भरायचा तयार माल, तो चुन्याच्याच घराण्यातला. हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की त्यातला चुना विरघळून पाण्याबरोबर निघून जातो आणि वायूचे बुडबुडे वर येतात. वरची घट्ट कातडी गेली की आतलं कोरं सिमेंट दिसतं, म्हणून लख्ख वाटतं. पण ते असतं खडबडीत, छिद्राछिद्रांचं. पाट्याला टाकी लावून आणली की तो वाटण कसा पकडतो, तसा हा जॉइंट मळ पकडतो. पंधरा दिवसांत काळं झालं ते यामुळे. संडास साफ करायच्या बऱ्याच तयार लिक्विडमध्येही हेच ॲसिड असतं, तेव्हा बाटली बदलली म्हणून फरक पडत नाही.

सोडा आणि व्हिनेगरचं तर काय सांगायचं. एक आम्ल, एक अल्क. दोघं एकमेकांना मारतात आणि हातात राहतं जवळजवळ खारट पाणी. फसफसताना बघायला बरं वाटतं, इतकंच.

घासायला बसण्याआधी एक तपासणी करा. जॉइंट पूर्ण कोरडा असताना त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटाभरात थेंब मुरला आणि तिथे गडद डाग पडला, तर जॉइंट सिमेंटचा आहे आणि पाणी पितो आहे. थेंब तसाच बसून राहिला तर एपॉक्सी आहे, म्हणजे राळेचा, पाणी न पिणारा माल, किंवा कुणीतरी सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारं पातळ औषध, लावलेलं आहे. बिल्डरने दिलेल्या १२ वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमध्ये एपॉक्सी असण्याची शक्यता फार कमी. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकं खरवडून बघा. भुगा पडत असेल तर तो भाग साफ करण्याच्या पलीकडे गेलाय, त्यावर सोडा-साबण खर्च करू नका. तो नव्याने भरायचा, त्याचं खाली सांगतो. आणि रुपयाच्या नाण्याने टाइल वाजवून बघा. आवाज बोदा आला तर टाइल खालून सुटलेली आहे, आणि तिथले जॉइंट कितीही भरले तरी पुन्हा तडकणार.

आता खोलीप्रमाणे बोलू, कारण तिन्ही ठिकाणची घाण वेगळी आहे आणि एकच औषध तिघांना चालत नाही.

स्वयंपाकघर सगळ्यात सोपं. तिथे मळ फोडणीच्या तेलाचा. तेलाची वाफ भिंतीवर बसते, गॅसच्या उष्णतेने आणि हवेने हळूहळू सुकून वार्निशसारखी चिकट होते, मग त्यावर धूळ. तेलाला अल्क लागतं, आणि किराणा दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा यासाठी उत्तम. खायचा सोडा नव्हे, तो फार सौम्य. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. भिंत उभी असल्यामुळे पाणी ओघळून जातं आणि औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. म्हणून जुन्या सुती साडीच्या पट्ट्या त्या पाण्यात भिजवून जॉइंटवर चिकटवून ठेवा. पंधरा मिनिटांनी पट्टी काढा, कडक नायलॉनच्या अरुंद ब्रशने जॉइंटच्या दिशेने घासा आणि साध्या पाण्याने दोनदा पुसा. हातमोजे घाला, सोडा कातडी कोरडी करतो. चिमणीची ॲल्युमिनियमची जाळी आणि सरकत्या खिडकीची पट्टी यांना हे पाणी लागू देऊ नका, ॲल्युमिनियम काळं पडतं.

एक गंमत होईल, घाबरू नका. जिथे हळदीचे डाग असतील तिथे सोड्याचं पाणी लागताच पिवळ्याचं लालसर होईल. शर्टावर पडलेल्या वरणाच्या डागाला साबण लावल्यावर होतं तेच. हळद आणि चुना एकत्र करूनच तर कुंकू करतात. तो डाग वाढलेला नसतो, रंग बदललेला असतो. साध्या पाण्याने पुसलं की पुन्हा पिवळट होईल, आणि मग त्याच्यावर बाथरूमसाठी जी पावडर सांगतोय तिची दाट पेस्ट अर्धा तास ठेवा. हळदीचा रंग त्या पावडरपुढे टिकत नाही. ऊन येत असेल तर आणखी चांगलं.

ओटा किंवा खालच्या फळ्या कडाप्प्याच्या असतील तर लिंबू, व्हिनेगर, ॲसिड काहीही त्यावर सांडू देऊ नका. कडाप्पा काळा दिसतो म्हणून लोक त्याला ग्रॅनाइटचा भाऊ समजतात. तो चुनखडीचा दगड आहे, कोटा आणि शहाबादी फरशीसारखाच. मार्बलचंही तेच. खिडकीखालची मार्बलची पट्टी निस्तेज झालेली मी घरोघर बघतो, आणि कारण विचारलं की "दिवाळीत जरा ॲसिड मारलं होतं" हेच उत्तर येतं.

बाथरूमला वेळ लागेल. तिथे एकावर एक थर असतात: अंगाचा तेलकट मळ आणि साबण, बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचा खार, आणि बुरशी. काळे ठिपके दिसतात ती बुरशी. आपल्याकडे चार महिने हवा इतकी दमट असते की खिडकी लहान असलेल्या बाथरूमचे खालच्या रांगांचे जॉइंट कधी पूर्ण वाळतच नाहीत.

आधी मळ आणि बुरशी. कपड्यांचे डाग काढायची व्हॅनिशसारखी पावडर मिळते. पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं आहे एवढं बघून घ्या. गरम पाण्यात ती टाकली की तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतो, तो बुरशीही मारतो आणि रंगही उडवतो, आणि सिमेंटला धक्का लावत नाही. अर्धा लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे. हात पोळेल इतकं गरम हवं, नळाच्या पाण्यात ती झोपून राहते. जॉइंटवर ओता, वीस-पंचवीस मिनिटं ओलं ठेवा, सुकायला लागलं तर पुन्हा थोडं ओता, मग घासा. केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. उरलं म्हणून झाकणबंद बाटलीत भरून ठेवू नका, आत वायू साठतो आणि बाटली फुगून फुटते.

यानेही कोपऱ्यातले ठिपके गेले नाहीत तर दुसऱ्या दिवशी ब्लीच. बाजारातल्या लिक्विड ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग. दहा मिनिटं, खिडकी-दार उघडं, पंखा चालू, मग भरपूर पाणी. बाटली दोन वर्षं माळ्यावर पडलेली असेल तर ती घेऊ नका, उन्हाळ्याच्या उष्णतेने ब्लीचचा जोर निघून जातो आणि मग लोक वैतागून त्यात आणखी काहीतरी मिसळतात.

ते मिसळणं कधीही नको. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं, संडासाचं लिक्विड पडलं, अगदी लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर पडलं, तरी क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू, आणि आपली बाथरूम चार बाय सहाची, दार लावलेली. माझा एक हेल्पर असा बाहेर ओढून काढावा लागला होता. दोन दिवस खोकत होता, वाचला. त्यामुळे ब्लीच वापरलं त्या दिवशी दुसरं काहीच नाही. खाराचं काम दुसऱ्या दिवशी.

खार म्हणजे जॉइंटच्या कडेने टाइलवर चढलेली पांढरट खपली. इथे मात्र थोडं आम्ल लागतं, पण सौम्य. लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं ते, अर्ध्या लिटर पाण्यात दोन लहान चमचे. लावण्याआधी जॉइंट साध्या पाण्याने चिंब करा. छिद्रं आधीच पाण्याने भरलेली असली की आम्ल आत शिरत नाही, वरच्या खपलीवर काम करतं. दोन-तीन मिनिटं, घासा, धुऊन टाका. वर्षातून एक-दोनदा एवढं ठीक आहे. दर आठवड्याला कराल तर ते ॲसिडचंच धाकटं भावंड होईल.

आणि पांढरं पीठ असं असेल की पुसल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा येतं, तर तो खार वरून आलेला नाही. तो लोणा. खाली पाणी साठतंय आणि सुकताना क्षार वर आणतंय. फरशीचा ढाळ न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, आहे का बघा. बादलीभर पाणी ओतून दहा मिनिटांनी कुठे डबकं राहतं ते दिसेलच. ते डबकं राहील तिथला जॉइंट कधीही पांढरा राहणार नाही, मग तुम्ही त्याला काहीही लावा.

भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात किंवा बेसिनच्या कडेने सिलिकॉनची पट्टी असेल आणि ती काळी पडली असेल तर तिच्याशी भांडू नका. बुरशी सिलिकॉनच्या आत शिरते, घासून निघत नाही. ब्लेडने कापून काढा, कोपरा दोन दिवस कोरडा राहू द्या, नवी पट्टी भरा. बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन मागा. तासाभराचं काम आहे आणि बाथरूम निम्मी नवी दिसायला लागते.

आता हॉल. खरं तर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, कारण हॉलमध्ये ना तेल, ना बुरशी, ना खार. तिथला काळेपणा आपण रोज स्वतःच्या हाताने भरतो.

जॉइंट टाइलपेक्षा केसभर खाली असतो. लादी पुसताना फडकं टाइलवरून सरकतं आणि मळकं पाणी त्या चरात उतरतं. टाइल पुसली जाते, चरातलं पाणी तिथेच सुकतं. पाणी उडून जातं, माती राहते. एका बादलीत तीन खोल्या पुसल्या तर तिसऱ्या खोलीला आपण चक्क पहिल्या दोन खोल्यांची धूळ लावत असतो. त्यात झाकण-दोन झाकण जास्तीचं फ्लोअर क्लीनर. वासाला बरं, पण सुकल्यावर त्याचा चिकट पापुद्रा राहतो आणि त्यावर धूळ बसते. काळं किंवा पांढरं फिनाइल जंतू मारायला असतं, मळ काढायला नव्हे.

म्हणून हॉल साफ करताना घासण्यापेक्षा उचलण्याकडे लक्ष द्या. तीन बाय तीन फुटांचा तुकडा घ्या. धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी, स्वयंपाकघरात सांगितलं त्याच्या निम्म्या जोराचं, ओता. दहा मिनिटं थांबा. ब्रशने रेघ घासा. पाणी काळं झालेलं दिसेल. ते सुकायच्या आत, म्हणजे लगेच, जुन्या टॉवेलने टिपून घ्या आणि टॉवेल बाहेर पिळा. मग साधं पाणी, पुन्हा टिपा. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम असेल तर त्याला तोड नाही. लोक सगळा हॉल एकदम ओला करतात, सगळा घासतात, मग पुसायला लागेपर्यंत निम्मा सुकलेला असतो. वर "इतकं घासून काही फरक नाही" म्हणतात. घाण जागची हलली होती, बाहेर गेली नव्हती.

यापुढे रोज पुसताना दोन बादल्या ठेवायला सांगा, एक साध्या पाण्याची पिळण्यासाठी, एक औषधाची. आणि पुसण्याआधी केर नीट काढलेला हवा.

हॉलच्या बाबतीत एक शंका आहे. त्या काळात बिल्डर लोक टाइल्स एकमेकींना चिकटवून लावायचे, आम्ही त्याला पेपर जॉइंट म्हणतो. फट सारखी ठेवणारे प्लॅस्टिकचे स्पेसर नाहीत, फट नाही, वरून पांढऱ्या सिमेंटचं पातळ पाणी फिरवलं की झालं. तसं असेल तर त्या फटीत भरायला जागाच नाही. स्वच्छ करून सुकल्यावर फिक्या राखाडी रंगाचं ग्राउट पेन, म्हणजे जॉइंट रंगवायचं पेन, फिरवा, तेवढंच. एखादा मिस्त्री कटर लावून फट मोकळी करून देतो म्हणेल. त्याचा हात आधी दुसरीकडे बघितल्याशिवाय हो म्हणू नका, व्हिट्रिफाइडच्या, म्हणजे हॉलमध्ये लावतात त्या कडक गुळगुळीत टाइल्सच्या, कडा उडाल्या की त्या जोडता येत नाहीत.

भुगा पडणारे बाथरूमचे जॉइंट मात्र नव्याने भरून घ्या. यात सर्रास होणारी फसवणूक म्हणजे जुन्या जॉइंटवरून नवं सिमेंट फासणं. ते पापुद्र्यासारखं असतं, चार महिन्यांत निघतं. जुना माल निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत काढायला हवा, ३ मिलिमीटरपेक्षा कमी तर नाहीच. आमच्याकडे हे काम हॅक्सॉ ब्लेड नाहीतर ग्राउट खरवडायच्या हत्याराने होतं. कंटाळवाणं आहे, म्हणून टाळलं जातं. तुम्ही समोर स्टूल टाकून बसा. खरवडून झाल्यावर फट ब्रशने, मग व्हॅक्यूमने स्वच्छ, आणि पूर्ण कोरडी.

बाथरूम आणि ओट्यामागे एपॉक्सी भरा. राळ, हार्डनर आणि बारीक पूड असा तो माल असतो. पाणी पीत नाही, तेल पीत नाही, हळदही लवकर पुसली तर बसत नाही. पण मिसळल्यावर पाऊण-एक तासात तो घट्ट व्हायला लागतो, म्हणून थोडा थोडा कालवणारा माणूस हवा, आणि टाइलवर राहिलेला पापुद्रा त्याच वेळी कोमट पाण्याने आणि स्पंजने काढणारा. दुसऱ्या दिवशी तो दगड झालेला असतो. चालायला २४ तास, अंघोळीला घाई नको, पूर्ण पिकायला आठवडा. एकच बाथरूम असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. उन्हात एपॉक्सी पिवळा पडतो, गॅलरीत तो नको.

रंग पांढरा घेऊ नका. जमिनीवर पांढरा जॉइंट ही बिल्डरच्या ब्रोशरची हौस आहे, राहणाऱ्याची नाही. फिका राखाडी किंवा मातकट घ्या. आपल्याकडच्या धुळीचा जो रंग तोच जॉइंटचा असला की निम्मं भांडण मिटतं.

आणि खालच्या फ्लॅटमधून ओल येत असल्याची तक्रार असेल तर नुसता एपॉक्सी भरून ती जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वॉटरप्रूफिंग टाइलच्या खाली असतं. जॉइंट बंद केल्याने वरून मुरणारं पाणी कमी होतं, पण फुटलेला पाइप किंवा ट्रॅपच्या कडेची गळती तशीच राहते.

जे सिमेंटचे जॉइंट चांगले आहेत त्यांना स्वच्छ केल्यावर सीलर लावा. पाण्यासारखा पातळ असतो, आत शिरून छिद्रांना पाणी नकोसं करतो. अट एकच, जॉइंट आतपर्यंत कोरडा हवा, किमान दोन दिवस. पावसाळ्यात हे जमत नाही. दसऱ्यानंतरचं ऑक्टोबरचं ऊन यासाठी सोन्यासारखं, आणि तुमची दिवाळीची सफाईही तेव्हाच असते. लहान ब्रशने जॉइंटवर लावा, टाइलवर गेलेला पाच-दहा मिनिटांत पुसून टाका, नाहीतर धुरकट डाग बसतो. वर्षा-दोन वर्षांनी तीच पाण्याच्या थेंबाची परीक्षा घ्या. थेंब मुरायला लागला की पुन्हा एक हात. एपॉक्सीवर सीलरचा काही उपयोग नाही, कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

ब्रशचं सांगायचं राहिलं. तारेचा ब्रश नको, टाइलची चकाकी ओरखडते आणि तारेचे तुटके तुकडे जॉइंटमध्ये अडकून गंजाचे डाग देतात. दातांचा जुना ब्रश कोपऱ्यापुरता ठीक, सगळ्या हॉलसाठी तो म्हणजे चमच्याने विहीर उपसणं.

राहता राहिली उरलेली ॲसिडची बाटली. दारावर मिळणारं ॲसिड बहुतेक वेळा कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून मिळतं, आणि ती मोरीच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या हाताला लागेल अशी पडून असते. आजच तिची सोय लावा. मोजे आणि चष्मा घाला, गॅलरीत किंवा उघड्यावर प्लॅस्टिकच्या बादलीत निम्म्याहून जास्त पाणी घ्या, त्यात ॲसिड हळूहळू ओता, ॲसिडमध्ये पाणी नव्हे. मग चमचा-चमचा धुण्याचा सोडा टाकत जा. फसफसेल, थांबा, पुन्हा टाका. नवा चमचा टाकूनही बुडबुडे येईनासे झाले की ते पाणी संडासात ओतून दोनदा फ्लश करा. बाटली धुऊन, कापून कचऱ्यात, म्हणजे तिच्यात कुणी पुन्हा पाणी भरणार नाही.